विश्लेषण : नवे विंडोज नकोसे, जुने धोक्याचे, मग करायचे काय?

विंडोज १० ला मिळणारा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ घेतलेल्यांपैकी अनेक जण आठवडाभरातच ‘जुनेच बरे होते’ म्हणू लागले. ज्यांनी घेतले नाही ते ‘आमचे काय अडले?’ असे विचारत आहेत. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. मात्र ‘नवे की जुने’ या एका प्रश्नात दोन वेगळे प्रश्न गुंतलेले आहेत. एक आहे हाताच्या सवयीचा आणि दुसरा सुरक्षेचा. हा गुंता सोडवला तर उत्तर बरेच सोपे होते. पाया नवा घ्यावा आणि सवयी मात्र जमतील तितक्या जुन्या ठेवाव्यात.

नेमके काय घडले?

विंडोज १० हे २९ जुलै २०१५ रोजी आले आणि विंडोज ११ हे ५ ऑक्टोबर २०२१ रोजी. चार वर्षे दोन्ही प्रणाली शेजारी शेजारी नांदल्या, त्यामुळे बहुतेकांना घाई वाटली नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठी दर महिन्याला मिळणारे मोफत सुरक्षा अपडेट थांबवले. संगणक बंद पडला नाही, फाइल गेल्या नाहीत, प्रिंटरही चालू राहिला. म्हणूनच अनेकांना काही बदलल्याचे जाणवलेच नाही.

दुसरीकडे, विंडोज ११ प्रत्येक संगणकावर चढत नाही. त्याला किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवणूक लागते, ही अट अवघड नाही. अडते ते टीपीएम २.० या सुरक्षा चिपवर आणि प्रोसेसरच्या पिढीवर. इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. ही पिढी २०१७ मध्ये आली. म्हणजे २०१६ मध्ये चांगले पैसे मोजून घेतलेला, आजही व्यवस्थित चालणारा लॅपटॉप या परीक्षेत नापास होतो. कॅनालिस या बाजार संशोधन संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये अंदाज मांडला होता की, या बदलामुळे जगभरातले सुमारे २४ कोटी संगणक ई-कचऱ्यात जाऊ शकतात. तेव्हा या विषयावर चिडणारे सगळेच आळशी किंवा जुनाट नाहीत, हे आधी मान्य केले पाहिजे.

संगणक चालू आहे, मग ‘सपोर्ट संपला’ म्हणजे काय?

कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टीममध्ये चुका असतात. त्यांतल्या काही चुकांतून चोर आत शिरू शकतो. अशा फटी सापडल्या की कंपनी त्या बुजवते आणि ती दुरुस्ती अपडेट म्हणून पाठवते. मायक्रोसॉफ्ट हे काम प्रामुख्याने दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी करते. सपोर्ट संपला म्हणजे ही दुरुस्ती थांबली. नव्या फटी सापडणे मात्र थांबत नाही.

यात एक बारकावा आहे. विंडोज १० आणि ११ यांचा बराचसा कोड एकच आहे. विंडोज ११ साठी दुरुस्ती आली की हल्लेखोर जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून काय बदलले ते पाहतात. बदल दिसला की फट कुठे होती तेही कळते. तीच फट अपडेट न मिळालेल्या विंडोज १० मध्ये उघडीच असते. म्हणजे नव्या घराच्या दाराची डागडुजी हाच जुन्या घराचा नकाशा ठरतो. महिने जातात तशी बंद न झालेल्या फटींची संख्या वाढते.

‘आमच्याकडे अँटिव्हायरस आहे’ हे उत्तर अर्धेच आहे. विंडोज १० वरील मायक्रोसॉफ्ट डिफेंडरला नव्या व्हायरसची ओळख पटवणारे अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहणार आहेत. त्याचा उपयोग नक्की होतो. पण अँटिव्हायरस हा रखवालदार आहे, गवंडी नव्हे. तो भिंतीतले भोक बुजवत नाही.

नव्याविषयीची कुरकुर हा केवळ हट्ट आहे का?

नाही. रोज आठ तास संगणकावर काम करणाऱ्याच्या हाताला वाटा पाठ झालेल्या असतात. कोपऱ्यातले स्टार्ट बटण कुठे आहे हे तो डोळ्यांनी शोधत नाही. हिशेबनीस, डीटीपी करणारा, सेतू केंद्रातला ऑपरेटर किंवा वकिलाकडचा टंकलेखक यांच्यासाठी ही सवय म्हणजे वेग आणि वेग म्हणजे कमाई. राज्यात लिपिक-टंकलेखकाच्या पदासाठी मराठी टंकलेखनाचा मिनिटाला ३० शब्दांचा वेग मागितला जातो. जिथे वेगाचे प्रमाणपत्र लागते, तिथे मांडणी बदलून तो वेग काही आठवडे कमी करणे हा खरा खर्च आहे. तो कंपनीच्या ताळेबंदात दिसत नाही, कारण तो वापरणाऱ्याच्या खिशातून जातो.

शिवाय कुरकुर करणारे अनेकदा बरोबरही असतात. विंडोज ११ च्या पहिल्या आवृत्तीत फाइल ओढून टास्कबारवरच्या प्रोग्रॅममध्ये सोडण्याची सोय काढून टाकली होती. तक्रारी झाल्या आणि २०२२ मध्ये ती परत आली. टास्कबारवर प्रत्येक खिडकी तिच्या नावासह वेगळी दाखवण्याची सोयही गेली होती, ती २०२३ मध्ये परतली. उजव्या क्लिकच्या यादीतले अनेक पर्याय ‘शो मोअर ऑप्शन्स’च्या मागे लपवले गेले, त्यामुळे एका क्लिकच्या कामाला दोन क्लिक लागू लागल्या. लोकांना बदल आवडत नाही, असे म्हणून हे सगळे उडवून लावता येत नाही. परत आलेल्या सोयींनीच वापरणाऱ्यांच्या बाजूने साक्ष दिली आहे.

याआधी जुन्याकडे परतलेले लोक चुकले होते का?

बहुतेक वेळा नाही. विंडोज व्हिस्टा जानेवारी २००७ मध्ये सर्वांसाठी आले. तेव्हाच्या अनेक संगणकांना ते जड होते, प्रिंटर आणि स्कॅनरचे ड्रायव्हर तयार नव्हते, परवानगी विचारणाऱ्या खिडक्या सतत उघडत होत्या. व्हिस्टाच्या बिझनेस आणि अल्टिमेट या आवृत्त्यांच्या परवान्यात एक्सपीवर परतण्याचा हक्क होता आणि कंपन्यांनी तो भरपूर वापरला. अनेकांनी व्हिस्टा ओलांडून थेट ऑक्टोबर २००९ मध्ये आलेले विंडोज ७ घेतले.

विंडोज ८ ची गोष्ट अशीच. ऑक्टोबर २०१२ मध्ये आलेल्या या आवृत्तीतून स्टार्ट बटणच गायब झाले. टॅब्लेटसाठी आखलेला पडदा माउस वापरणाऱ्यांच्या माथी मारला गेला. लोकांनी विंडोज ७ सोडले नाही. वर्षभरात, ऑक्टोबर २०१३ मध्ये, ८.१ मधून बटण परत आले आणि विंडोज १० मध्ये स्टार्ट मेनूही परतला.

मग याच अनुभवावरून आज विंडोज १० ला चिकटून राहावे का? इथे एक महत्त्वाचा फरक आहे. २००७ मध्ये एक्सपीवर परतणाऱ्याला पुढे सात वर्षे, म्हणजे ८ एप्रिल २०१४ पर्यंत, सुरक्षा अपडेट मिळत राहिले. २०१२ मध्ये विंडोज ७ वर थांबलेल्याला १४ जानेवारी २०२० पर्यंत मिळाले. ते लोक राहत्या, देखभाल होत असलेल्या घरात परतले होते. आज विंडोज १० वर परतणारा मात्र गुरखा, प्लंबर आणि वायरमन सोडून गेलेल्या घरात परततो. भिंती त्याच आहेत, खिडकीतून दिसणारे दृश्यही तेच आहे. फरक कळतो तो काही बिघडल्यावर.

अपडेट नसण्याची किंमत कोणी मोजली आहे?

मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर व्हायरसने जगभरातले संगणक कुलूपबंद केले. ब्रिटनच्या सरकारी आरोग्य सेवेतल्या २३६ ट्रस्टपैकी किमान ८० ट्रस्टना त्याचा फटका बसला, हजारो रुग्णांच्या तपासण्या आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ज्या फटीतून हा व्हायरस शिरला तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्ये दिली होती. बाधित संगणकांपैकी बहुतांश विंडोज ७ चे होते आणि तेव्हा विंडोज ७ चा सपोर्ट चालू होता. म्हणजे दोष प्रणालीच्या वयाचा नव्हता. दुरुस्ती उपलब्ध होती, ती बसवलेली नव्हती. सपोर्ट संपलेल्या एक्सपीसाठी तर कंपनीला हल्ल्यानंतर अपवाद म्हणून तातडीची दुरुस्ती द्यावी लागली.

पुढच्याच महिन्यात, २७ जून २०१७ रोजी, ‘नॉटपेट्या’ आला. त्याने इतर मार्गांसोबत तीच फट वापरली. मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे संगणक बंद पडले आणि तिच्या समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या, उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून सुरू झालेली साथ काही तासांत आपल्या दारातल्या कंटेनरपर्यंत पोहोचली.

आपल्या रिझर्व्ह बँकेने यातून धडा घेतला. अनेक एटीएम तेव्हाही एक्सपीसारख्या सपोर्ट संपलेल्या प्रणालींवर चालत होती. जून २०१८ च्या परिपत्रकाने बँकांना टप्पे ठरवून दिले. सप्टेंबर २०१८ पर्यंत किमान २५ टक्के, डिसेंबरपर्यंत ५० टक्के, मार्च २०१९ पर्यंत ७५ टक्के आणि जून २०१९ पर्यंत सर्व एटीएम सपोर्ट असलेल्या प्रणालीवर आणायची होती. एटीएमचा पडदा ग्राहकाला कसा दिसतो हा त्या परिपत्रकाचा विषय नव्हता. आतला पाया चालू देखभालीचा असावा, एवढेच त्यात पाहिले होते. घरच्या आणि दुकानातल्या संगणकालाही हाच निकष लावायला हवा.

विंडोज ११ घेतले आणि पटले नाही, तर परतता येते का?

येते, पण मुदत फार थोडी आहे. विंडोज १० वरून ११ वर अपग्रेड केल्यावर जुनी प्रणाली ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरमध्ये राखून ठेवली जाते. सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी या वाटेने गेल्यावर ‘गो बॅक’ हे बटण दिसते. ते साधारण १० दिवस चालते. त्यानंतर जुना फोल्डर आपोआप पुसला जातो. जागा मोकळी करण्यासाठी डिस्क क्लीनअप चालवून तुम्ही स्वतःच तो आधी पुसला, तरीही परतीची वाट बंद होते. मग उरतो तो एकच मार्ग, सगळे पुसून विंडोज १० नव्याने बसवण्याचा.

‘गो बॅक’ वापरल्यास तुमच्या फाइल राहतात, पण अपग्रेडनंतर बसवलेले प्रोग्रॅम आणि बदललेल्या सेटिंग्ज जातात. काहीही असो, आधी बाहेरच्या हार्ड डिस्कवर बॅकअप घेतल्याशिवाय यांपैकी कशालाही हात लावू नये.

म्हणून हे १० दिवस कुरकुर करण्यात घालवू नयेत. ही चाचणीची मुदत समजा. पहिल्या दोन दिवसांतच रोजची सगळी कामे एकदा करून पाहा. प्रिंटरवर पान काढा, स्कॅन करा, डिजिटल सहीचे टोकन लावून एखादा अर्ज सही करा, हिशेबाचे सॉफ्टवेअर उघडून मागच्या वर्षाचा अहवाल काढा, जुनी मराठी फाइल उघडा. यांतले काही चाललेच नाही आणि त्यावर उपाय नसेल, तर परतण्याला सबळ कारण आहे. ‘बटण मध्यभागी गेले’ हे मात्र परतण्याचे कारण नव्हे, त्याची सोय सेटिंग्जमध्येच आहे.

मराठीत काम करणाऱ्यांनी वेगळे काय पाहावे?

पहिली गोष्ट फॉन्टची. युनिकोड येण्यापूर्वीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर संगणकाच्या लेखी मराठी नसतोच. आत इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे कोड असतात, फॉन्ट त्यांना ‘क’, ‘ख’चा मुखवटा चढवतो. नव्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तर पानभर अर्थहीन चिन्हे दिसतात आणि फाइल खराब झाली असे वाटते. फाइल शाबूत असते, फॉन्ट राहिलेला असतो. त्यामुळे संगणक बदलण्याआधी जुन्या फॉन्टच्या फाइल वेगळ्या जपून ठेवा. महत्त्वाचा मजकूर मात्र युनिकोडमध्ये बदलून घेणेच शहाणपणाचे.

युनिकोडवाल्यांनाही एक धक्का बसतो. वर्षानुवर्षे वापरलेला ‘मंगल’ फॉन्ट नव्या विंडोजमध्ये दरवेळी आधीच बसवलेला नसतो. सेटिंग्जमधल्या ‘ऑप्शनल फीचर्स’मध्ये ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ हा पर्याय निवडला की तो मोफत मिळतो. ‘अपराजिता’, ‘कोकिळा’ आणि ‘उत्साह’ हेही त्यातच आहेत.

टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्ये असतोच. उच्चाराप्रमाणे टाइप करणाऱ्यांसाठी ‘मराठी फोनेटिक’ हा पर्यायही मे २०१९ च्या अपडेटपासून विंडोज १० मध्ये आला आणि ११ मध्येही आहे. रेमिंग्टन मांडणीवर शिकलेल्यांना मात्र वेगळे साधन बसवावे लागते. ते विंडोज ११ वर चालते का, हे अपग्रेडच्या आधी पाहावे.

दुसरी गोष्ट जुन्या प्रोग्रॅमची. विंडोज १० ची ३२ बिटची आवृत्ती होती. विंडोज ११ फक्त ६४ बिटचे आहे. डॉसच्या काळातले १६ बिटचे प्रोग्रॅम ६४ बिटच्या विंडोजवर थेट चालत नाहीत. डॉससाठीच्या फॉक्सप्रोमध्ये कोणे एके काळी लिहून घेतलेला हिशेबाचा किंवा वसुलीचा प्रोग्रॅम आजही वापरात असेल, तर अपग्रेडनंतर तो उघडणारच नाही. ‘डॉसबॉक्स’सारख्या मोफत साधनाने काही प्रोग्रॅम चालवता येतात. तेही जमले नाही तर तो जुना संगणक त्या एका कामापुरता ठेवावा आणि त्याची इंटरनेटची वायर काढून टाकावी. जुन्याला जपण्याची हीच सुरक्षित रीत आहे. फक्त त्यात येणाऱ्या-जाणाऱ्याचे पेनड्राइव्ह खुपसू देऊ नयेत.

संगणकच ११ घेत नसेल तर?

आधी खात्री करावी. मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत साधन संगणक पात्र आहे का ते सांगते. काही संगणकांत टीपीएमची सोय असते, पण बायोसमध्ये ती बंद ठेवलेली असते. अशा वेळी जाणकाराकडून ती सुरू करून घेतली की काम होते. अटी चुकवून विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या यूट्यूबवर भरपूर दिसतात. अशा संगणकांना अपडेट मिळण्याची हमी नाही, असे मायक्रोसॉफ्टने स्पष्ट केले आहे. अपडेटसाठीच सगळी धडपड, तर त्याचीच हमी नसलेली वाट कशाला धरायची?

विंडोज १० वरच राहायचे असेल तर वाढीव सुरक्षा अपडेटची योजना आहे. घरगुती वापरासाठी तिची जाहीर झालेली मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. त्यासाठी विंडोज १० ची शेवटची, म्हणजे २२एच२ ही आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचे खाते लागते. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्याशी जोडला तर ही सोय मोफत मिळते. नाही तर १,००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलर अथवा तेवढ्या किमतीचे स्थानिक चलन मोजावे लागते. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा पर्याय असतो. यातून फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात, नव्या सोयी नाहीत. सवय जपायची असेल आणि निर्णयाला वेळ हवा असेल, तर हा रास्त मार्ग आहे. मात्र ही मुदतवाढ आहे, मुक्काम नव्हे.

लिनक्सचा पर्याय खरोखर चालतो का?

चालतो, पण केवळ बसवून चालत नाही. जर्मनीतल्या म्युनिक शहराची गोष्ट यासाठी पाहण्यासारखी आहे. तिथल्या महापालिकेने २००३ मध्ये विंडोज सोडून लिनक्सकडे जायचे ठरवले. दहा वर्षांत सुमारे १५,००० संगणक बदलले गेले. तरीही २०१७ मध्ये नगर परिषदेने विंडोजवर परतण्याचा निर्णय घेतला. बाहेरच्या कार्यालयांशी होणारी कागदपत्रांची देवघेव, ठरावीक कामांची विशेष सॉफ्टवेअर, संगणक विभागाची विस्कळीत रचना आणि कर्मचाऱ्यांच्या तक्रारी यांची चर्चा तेव्हा बरीच झाली. पुढे २०२० मध्ये नव्या सत्ताधाऱ्यांनी पुन्हा मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे ठरवले. एका शहराला दोन दशकांत तीनदा दिशा बदलावी लागली.

याउलट केरळच्या सरकारी शाळांमध्ये अनेक वर्षे लिनक्स चालते आहे. तिथे आधी शिक्षकांना प्रशिक्षण दिले गेले, पाठ्यपुस्तके त्याच सॉफ्टवेअरवर बेतली गेली आणि मल्याळम भाषेची सोय पाहिली गेली. प्रणाली चांगली की वाईट यापेक्षा तिच्यासोबत माणसे उभी केली की नाही, यावर निकाल ठरला.

घरी ब्राउझर, ईमेल, व्हिडीओ आणि थोडे टायपिंग एवढेच काम असेल, तर २०१६ च्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू उत्तम चालते. उबुंटूच्या २४.०४ या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला २०२९ पर्यंत मोफत अपडेट आहेत. पेनड्राइव्हवरून चालवून आधी नुसते पाहताही येते. पण डिजिटल सही, विशिष्ट प्रिंटर, केवळ विंडोजसाठी असलेले हिशेबाचे किंवा डीटीपीचे सॉफ्टवेअर यांवर पोट असेल, तर त्यांची चाचणी झाल्याशिवाय उडी घेऊ नये.

नव्यात राहून जुन्या सवयी कशा सांभाळायच्या?

विंडोज ११ मध्ये पर्सनलायझेशन, टास्कबार आणि ‘टास्कबार बिहेवियर्स’ या वाटेने स्टार्ट बटण डावीकडे आणता येते. त्याच पानावर खिडक्या नावासह वेगळ्या दाखवण्याचा पर्याय आहे. शिफ्ट दाबून उजवी क्लिक केली की फाइलची जुनी, पूर्ण यादी उघडते. रोजचे चार प्रोग्रॅम टास्कबारवर पिन केले की स्टार्ट मेनूशी फारसा संबंधच उरत नाही. अर्ध्या तासाच्या या मांडणीने पहिल्या आठवड्यातली निम्मी चिडचिड कमी होते.

दोन बाबतींत मात्र सावध राहावे. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केल्यावर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर वनड्राइव्हवर जाऊ शकतात. तिथे मोफत जागा ५ जीबीच असते, ती भरली की इशारे सुरू होतात. हे नको असेल तर वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये बॅकअप थांबवता येतो. दुसरे म्हणजे, नव्या संगणकात किंवा नव्याने बसवलेल्या विंडोज ११ मध्ये डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असू शकते. तिची ४८ अंकी रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ती आजच कागदावर लिहून ठेवा. उद्या संगणकाने ती मागितली आणि दुकानदाराने त्याच्या ईमेलने खाते उघडून दिलेले असेल, तर तुमच्या फाइल तुमच्याच संगणकात अडकतील.

मग जबाबदारी कोणाची?

ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात, आधार-पॅनच्या प्रती ठेवल्या जातात किंवा ग्राहकांची माहिती भरली जाते, तो अपडेट नसलेल्या प्रणालीवर इंटरनेटला जोडलेला ठेवणे समर्थनीय नाही. तिथे सवयीचे कारण चालत नाही, कारण धोका फक्त आपला नसतो. सेतू केंद्रातला किंवा पतसंस्थेतला एक संगणक उघडा राहिला तर ज्यांनी विंडोजचे नावही ऐकलेले नाही, त्यांचीही कागदपत्रे उघड्यावर येतात.

पण हा नियम वापरणाऱ्याला सांगताना बाकीच्यांनी हात झटकणेही योग्य नाही. कंपनीने सुरक्षेची दुरुस्ती आणि रूपबदल एकाच गाठोड्यात बांधून दिले आहेत. ज्याला फक्त कुलूप बदलायचे आहे त्याला घराचे रंगकाम, फर्निचर आणि दाराची जागाही बदलून घ्यावी लागते. जुनी मांडणी कायमचा पर्याय म्हणून ठेवणे तंत्राच्या दृष्टीने अशक्य नाही. गेलेल्या सोयी तक्रारींनंतर परत येतात, तेव्हा हेच सिद्ध होते. चालू स्थितीतला लॅपटॉप चिपच्या अटीमुळे भंगारात जाणार असेल, तर त्या संगणकापुरती सुरक्षा दुरुस्ती आणखी काही वर्षे परवडणाऱ्या दरात मिळावी, ही मागणी ग्राहकांनी लावून धरली पाहिजे.

कार्यालयांचीही जबाबदारी आहे. शनिवारी संगणक बदलायचे आणि सोमवारी तोच वेग अपेक्षित धरायचा, हा अन्याय आहे. एका विभागातले दोन संगणक आधी बदलावेत, तिथल्या माणसांनी अडचणींची यादी करावी, ती सुटल्यावर बाकीचे बदलावेत. सगळ्यांना दोन तास प्रशिक्षण आणि दोन आठवड्यांची सवलत द्यावी. म्युनिक आणि केरळ यांच्यातला फरक इथेच आहे. नवे शिकायला नकार देणारा कर्मचारी बहुतेकदा बदलाला नकार देत नसतो. शिकण्याचा वेळ आपल्या जेवणाच्या सुटीतून कापला जाणार, याला तो नकार देत असतो.

‘जुनेच बरे होते’ असे म्हणणाऱ्याला म्हणूनच एक साधा प्रश्न विचारावा. जुने म्हणजे नेमके काय परत हवे आहे? डावीकडचे बटण, ओळखीची यादी, पाठ झालेली वाट हवी असेल, तर ती बहुतेक नव्यातही मिळते आणि मिळत नसेल तिथे तक्रार करण्याचा हक्क आहे. एखादा जुना प्रोग्रॅम हवा असेल, तर त्याच्यासाठी इंटरनेटविना एक कोपरा राखता येतो. दुरुस्ती थांबलेला पाया मात्र परत मागू नये. विंडोज १० वर असाल तर आज सेटिंग्जमधले विंडोज अपडेटचे पान उघडून शेवटचा अपडेट कोणत्या तारखेला आला ते पाहा. तो ऑक्टोबर २०२५ मध्येच थांबलेला दिसला, तर निर्णय आणखी पुढे ढकलू नका.